मूठ, वाटी आणि काकीसाहेब

देवासच्या त्या गल्लीत सकाळी आधी कोंबडा ओरडायचा की अक्का, यावर बायकांचं एकमत नव्हतं. कोंबडा निदान एकदा ओरडून गप्प तरी बसे. अक्का प्रत्येक दारासमोर नव्याने ओरडायची. "मूठ घाला गं बायांनो! पीठवाल्यांनी पीठ, डाळवाल्यांनी डाळ, आणि नुसतं बघणारींनी बाजूला सरा!" दोन खांद्यांवर दोन झोळ्या, लुगडं घोट्याच्या बरंच वर खोचलेलं, आणि भुवया अशा चढवलेल्या की समोरच्या बाईचा हात आपोआप डब्याकडे जावा.

तिचं खरं नाव दुर्गाबाई. नवरा पागेत बारगीर होता, तो ऐन दौडीत घोड्यावरून पडून गेला असं ती सांगे. जुनी माणसं म्हणत की पडला तो खरा, पण घोडा उभा होता. मूलबाळ नव्हतं, सासर-माहेर दोन्ही आटलेलं. अशा बाईने कुणाच्या तरी घरी पोळ्या लाटून दिवस काढायचे, ही जगाची रीत. अक्काला लोकांच्या घरी पोळ्या लाटणं जमलं नाही, कारण लाटता लाटता ती त्या घरच्या सासूला शहाणपण शिकवायची.

मुठीची सुरुवात छप्पन्याच्या दुष्काळात झाली. माळव्यात दुष्काळ म्हणजे दुसऱ्याच्या मुलखातली बातमी, अशी सगळ्यांची समजूत. संवत छप्पन्नच्या साली ती बातमी दारात येऊन बसली, आणि माणसं रस्त्याच्या कडेला पडायला लागली. तेव्हा गल्लीतल्या कर्त्या मंडळींनी मारुतीच्या देवळात बैठक भरवली. ठरलं असं की प्रत्येक घराने पीठ मळायच्या आधी एक मूठ बाजूला काढायची, अक्काने ती गोळा करायची आणि देवळामागच्या ओसरीत हंडा चढवायचा. पुढे पाऊस झाला, जुवार पिकली. मंडळींनी नारळ फोडला, भाषणं केली आणि काम संपलं असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का झोळ्या घेऊन दारात हजर.

"अगं, दुष्काळ संपला ना?" बायकांनी विचारलं.

"तुमचा संपला. देवळात पडलेल्या रघुजीचा कुठे संपलाय?" अक्का म्हणाली. बायकांनी डबे उघडले, आणि पुढे बरीच वर्षं ते रोज उघडत राहिले.

मुठीवरून माणूस ओळखता येतो, असं अक्काचं ठाम मत होतं. इंदिराबाईंचा हात भाकरीएवढा. पण झोळीवर आला की त्याची मूठ सुपारीएवढी व्हायची. "इंदिराबाई, बोटं आखडलीत का? तेल लावा," अक्का म्हणायची. इंदिराबाई चिडून आणखी चिमूटभर टाकायच्या, आणि अक्काचं तेवढंच काम असे.

आता देवासात त्या काळी राजे दोन होते, हे बाहेरच्या माणसाला सांगून ठेवलं पाहिजे. गाव एक, पण त्याच्या वाटण्या दोन: रस्त्याच्या एका अंगाला थोरली पाती, दुसऱ्या अंगाला धाकटी. माणसंही मग तशीच. थोरल्या पातीतल्या बाईला वाटे आपली मूठ आपल्याच पातीच्या पोटात जावी, धाकट्या पातीतलीला वाटे आपल्या. अक्का दोघींना "हो हो" म्हणायची आणि हंड्यात सगळं एकत्र ढवळायची. कुणी फारच खोदून विचारलं तर सांगायची, "तुमची डाळ वर तरंगते ना, ती मी वेगळी काढते."

खोटं बोलणं हा तिचा धर्म होता म्हणा ना. कारण धर्म म्हणून तिने कुणाला काही दिलंच नाही, दिलं ते काहीतरी निमित्त सांगून. रघुजी हा म्हातारा चोपदार. उभी हयात दरबारात पुढे चालून "निगाह रखो!" अशी ललकारी दिलेला. आता गुडघे गेले, बायको गेली, तो देवळाच्या ओवरीत पडून असायचा. चोपदाराने हात पसरायचा कसा? पहिल्या दिवशी अक्काने वाडगा पुढे केला तेव्हा त्याने तोंड फिरवलं. "दादा, जेवायला नाही आणलं हो," अक्का म्हणाली, "माझी जीभ गेलीय तापाने. जरा मीठ बघून सांगा." रघुजीने एक घोट घेतला, बरोबर आहे म्हणाला. "वरचं मीठ आणि तळाचं मीठ वेगळं असतं. सगळं संपवून सांगा."

तेव्हापासून रघुजी त्या हंड्याचा मीठ बघणारा झाला, आणि ते काम त्याने भलतंच मनावर घेतलं. दुपारी अक्काची चाहूल लागली की तो भिंतीला धरून उभा राहायचा आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा दरबारी आवाजात पुकारायचा, "आज हळद ज्यादा!" किंवा "काल डाळ कच्ची होती, भिया, निगाह रखो!" अक्का त्याला मनापासून शिव्या द्यायची आणि "आधी तळाचं मीठ बघा!" म्हणून ओरडायची. वाडगा मात्र कधी रिकामा परत यायचा नाही. त्यात मारुतीच्या हारातलं एखादं झेंडूचं फूल असायचंच. अक्का ते फूल अंबाड्यात खोचायला गेली आणि विधवेने फूल माळायचं नसतं हे तिला आठवलं, की शिव्या आणखी वाढायच्या.

तर अशा या बाईला हरवलं ते भवानीबाई काकीसाहेबांनी.

काकीसाहेबांचं घर नेमकं पातीच्या हद्दीवर. पुढचं दार थोरल्या पातीत, मागचं दार धाकट्या पातीच्या बोळात. मालक दरबारचे मानकरी, त्यांच्या हयातीत दारात पालखी उभी राहायची. ते वारले, मुलगा नव्हता, आणि बागलीकडची जमीन पुतण्यांनी पाहता पाहता आपलीशी केली. उरलं ते घर, अंगणातलं कढीलिंबाचं झाड आणि गोषा. गोषातली बाई परक्या माणसासमोर येत नाही, रस्त्यावर पाऊल ठेवत नाही. बाजार करायला एक मोलकरीण होती, ती लेकीच्या बाळंतपणाला डही गावाला गेली ती तिकडचीच झाली. त्यानंतर काकीसाहेबांना कुणी पाहिलं नाही. दाराच्या फटीतून एक गोरापान, सुरकुतलेला हात तेवढा दिसे.

अक्काचं लक्ष धुराकडे असायचं. कुठल्या घरातून धूर निघतो आणि कुठल्या नाही, हे ती चालता चालता बघायची. काकीसाहेबांच्या कौलांवरून सलग काही दिवस धूर निघाला नाही, तेव्हा आत चूल पेटत नाही हे तिने ओळखलं. आणि तिथे तिने दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे सकाळच्या फेरीत त्या दारासमोर ओरडणं बंद केलं. जिच्या घरी चूल पेटत नाही तिच्याकडे मूठ काय मागायची? ती त्या दारावरून चवड्यांवर, चपला हातात घेऊन जायला लागली. दुसरी म्हणजे तिने नवं खोटं काढलं: वानोळा.

वानोळा म्हणजे बरोबरीच्या घरांतलं देणंघेणं. नवं धान्य आलं, काही खास रांधलं की शेजारी चवीपुरतं पाठवायचं. राजाघरीही वानोळा जातो, त्यात कुणाची मान खाली जात नाही. अक्काने मागच्या दाराची कडी वाजवली आणि आपली पितळी वाटी पुढे केली. "काकीसाहेब, नव्या मुगाची आमटी. वानोळा." हात बाहेर आला, वाटी आत गेली. अक्का जिंकल्यासारखी घरी आली.

दुसऱ्या दिवशी तिची वाटी काही परत आली नव्हती. मग तिने इंदिराबाईंची मागून नेली, "रघुजीसाठी हवी" असं सांगून. त्या काळी भांड्यावर मालकिणीचं नाव कोरलेलं असायचं, तेव्हा काकीसाहेबांना सांगावं लागलं, "हा इंदिराबाईंकडचा वानोळा." मग शेजारच्या मालनची वाटी, मग धाकट्या पातीतल्या कमलची. वाट्या जात राहिल्या. आली एकही नाही. आणि एक दिवस दारच उघडलं नाही.

"काकीसाहेब, वानोळा!"

"नको म्हणून सांग सगळ्यांना," आतून आवाज आला. आवाज जुना, खणखणीत, पण शेवटी जरासा अडखळला. "आमच्याकडे आता कुणी काही पाठवू नये."

अक्काने पुन्हा कडी वाजवली, गोड बोलली, रागावली, मारुतीची शपथ घातली. दार बंदच राहिलं. वाटीतली आमटी निवली, तशीच ती परत घेऊन आली. त्या दुपारी रघुजीने मिठाबद्दल पुकारा केला तरी तिने त्याला शिवी दिली नाही. तिला भीती वाटत होती. छप्पन्यात तिने बंद दारं पाहिली होती, आणि ती नंतर उघडली तेव्हा आत काय होतं तेही पाहिलं होतं.

त्यात इंदिराबाईंना आपल्या वाटीचा पत्ता लागला. "रघुजीसाठी म्हणून नेलीस आणि त्या वाड्यात घातलीस? भांडी गिळते ती बाई! जहागिरी गेली, आता आमच्या वाट्यांवर आलीय. घटस्थापनेच्या आत माझी वाटी घरात आली पाहिजे, नाहीतर माझी मूठ बंद." इंदिराबाईंनी मूठ बंद केली असती तर फरक फार पडला नसता, पण त्यांचं बघून मालननेही डबा बंद केला, आणि एकीने केलं की दुसरी मागे राहत नाही. झोळ्या हलक्या झाल्या, आमटी पातळ झाली, आणि रघुजीने जाहीर केलं की आज मीठ बरोबर आहे पण डाळ सापडत नाही.

अक्का ओवरीत मटकन बसली. "सापडेल कुठून? वाट्या त्या म्हातारीकडे अडकल्यात. आमटी घेते, भांडं देत नाही. काय करते त्या वाट्यांचं, देव जाणे."

रघुजीने वाडग्यात झेंडू टाकला आणि तिच्यासमोर धरला. "हे मी रोज का टाकतो?"

"चळ लागलाय म्हणून."

"अगं येडे, आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं असतं का? मला मारुती फूल देतो. गोषातल्या बाईने काय घालावं? मूठभर साखर तरी घरात हवी ना."

अक्काने कपाळावर हात मारून घेतला. भरलेल्या भांड्याला रिकामं धाडायचं नाही, निदान साखरेचे चार दाणे तरी घालायचे, हे तिला काय माहीत नव्हतं? शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. तिने प्रेमाने एकामागून एक वाट्या धाडल्या, आणि प्रत्येक वाटीबरोबर म्हातारीच्या उंबऱ्यावर एकेक धोंडा रचला. घरात साखर नाही, म्हणून वाटी परत जात नाही. वाटी जात नाही, म्हणून दार उघडायची सोय नाही.

चूक कळली की अक्का ती दुरुस्त करायला धावायची, आणि धावण्यात दुसरी करायची. दुसऱ्या दिवशी तिने पळसाच्या पानाचे द्रोण टाचले. द्रोण परत द्यायचा नसतो! आपल्या अकलेवर खूश होत तिने मागचं दार वाजवलं आणि सगळं समजावून सांगितलं. दार बोटभर उघडलं. हात बाहेर आला, द्रोण चाचपला आणि तिथेच थांबला.

"द्रोणातून आमच्याकडे बैराग्यांना वाढत असत, दुर्गे," काकीसाहेब म्हणाल्या. "दारावरच्या गाईला घाल ते." आणि दार लागलं.

गाईने आमटी खाल्ली, द्रोणही खाल्ला, आणि आणखी आहे का म्हणून अक्काच्या झोळीत तोंड घातलं. अक्काने तिला ढकललं आणि बोळातच पायरीवर बसून राहिली. तिला रडू येत होतं, आणि रडू आलं की तिला राग यायचा. एवढी वर्षं अख्ख्या गावाला फसवून जेवू घातलं, आणि ही एक म्हातारी फसत नाही म्हणजे काय? तिने रागाने वर बघितलं. भिंतीवरून कढीलिंबाची फांदी बोळात वाकली होती.

हे झाड मालकांनी साताऱ्याकडून रोप आणून लावलेलं. मूळ थोरल्या पातीत, सावली धाकट्या पातीत. देवासच्या बाजारात कढीलिंब मिळायचा नाही. भाजीवालीला विचारलं तर ती म्हणायची, "मीठो नीम? म्हारा कने नी हे, बई." दक्षिणी घरांतल्या बायका त्याच्यावाचून कढीला नावं ठेवत जेवायच्या, पण थोरल्या पातीतलीला मागच्या बोळात जाऊन मागायचा कमीपणा, धाकट्या पातीतलीला थोरल्या पातीत रुजलेल्या झाडाचा पाला मागायचा. पानं वाळून गळायची आणि कुणाच्याच कढीत पडायची नाहीत, आणि कुणी मागत नाही म्हणून काकीसाहेबांनाही त्यांचं मोल वाटेनासं झालं होतं.

अक्का उठली. पण मागच्या दारी न जाता ती वळसा घालून पुढच्या दारासमोर आली, जिथून ती इतके दिवस चपला हातात घेऊन जात होती. दोन्ही झोळ्या खांद्यावर नीट घेतल्या, भुवया चढवल्या आणि गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडली, "मूठ घाला हो काकीसाहेब! पीठ नको, डाळ नको. मूठभर कढीलिंब घाला! हंड्याला चव नाही!"

गल्लीतली दारं उघडली. इंदिराबाई तर ओट्यावरच आल्या. काकीसाहेबांचं दार मात्र तसंच. अक्काला वाटलं, हेही फसलं. आता ही बाई आपलं तोंड बघणार नाही. तिने झोळी सावरली तेवढ्यात आतून अडसर सरकल्याचा आवाज आला.

दार चांगलं हातभर उघडलं. पदराआडून काकीसाहेबांचा चेहरा अक्काने पहिल्यांदा पाहिला. गालांची हाडं वर आलेली, डोळे मात्र तिखट.

"आज आठवण झाली?" काकीसाहेब म्हणाल्या.

"कसली, काकीसाहेब?"

"रोज सकाळी या दाराआड उभी असते मी. इंदिराबाईच्या दारात ओरडतेस, मालनच्या दारात ओरडतेस. माझ्या दारापाशी आलीस की तुझ्या चपलासुद्धा वाजत नाहीत. छप्पन्यात या घरातून पायल्यांनी धान्य गेलंय तुझ्या हंड्यात. आणि आता सगळ्या गल्लीची मूठ तुला चालते, माझी नको झाली? मी काय मेले?"

अक्काच्या चढवलेल्या भुवया खाली आल्या. असं तिच्या आयुष्यात क्वचितच झालं होतं. तिने त्या दारापाशी चपला हातात घेतल्या त्या मायेने. आणि आत उभ्या असलेल्या बाईने रोज ते न वाजलेलं पाऊल ऐकलं होतं. भुकेचं दुखणं एक वेळ सोसलं असेल, पण हे सोसलं नव्हतं.

"चुकले," अक्का म्हणाली. "गाढवपणा झाला माझा."

"तो झालाच," असं म्हणून काकीसाहेब आत गेल्या. आल्या तेव्हा ओंजळभर हिरवागार पाला होता. झोळीत तो पडला तेव्हा बघणाऱ्या बायकांपर्यंत वास गेला. "आणि थांब." पुन्हा आत जाऊन त्यांनी वाट्या आणल्या. एकात एक रचलेल्या, राखेने घासून लखलखीत केलेल्या. प्रत्येकीत कढीलिंबाचा एकेक डहाळा. "ज्यांच्या त्यांना पोचव. वानोळा छान होता म्हणून सांग."

अक्काने वाट्या वाटल्या. इंदिराबाईंनी आपली वाटी हातात घेतली, नावाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि डहाळ्याचा वास घेतला. मग हळूच म्हणाल्या, "उद्याही मिळेल का गं पाला? यांना कढी फार आवडते."

"मला काय विचारता? मागचं दार आहे, कडी आहे, तुम्हाला हात आहे," अक्का म्हणाली. "तोही चांगला भाकरीएवढा."

दुसऱ्या दिवशी इंदिराबाईंची मूठ हात शोभेल इतकी मोठी झाली. दोन्ही पातीतल्या बायका दुपारच्या मागच्या बोळात दिसायला लागल्या. पाला घ्यायला यायच्या, कुणी गूळ घेऊन, कुणी निवडायचे तांदूळ घेऊन, आणि पायरीवर बसून दाराआडच्या काकीसाहेबांशी संध्याकाळपर्यंत सासवा-सुनांची उणीदुणी काढायच्या. गोषा मोडला नाही, दार मात्र अर्धं उघडं राहायला लागलं. सकाळी पहिली मूठ अक्का तिथेच मागायची, आणि तिथे ती जरा जास्तच मोठ्याने ओरडायची.

दुपारी हंडा उतरला की काकीसाहेबांची वाटी जायची. आता त्या हंड्यात त्यांचाही पाला होता, त्यामुळे घ्यायला हरकत नव्हती. पहिल्याच दुपारी काकीसाहेबांनी वाटी आत घेतली आणि अक्का वळली.

"दुर्गे, थांब. भांडं घेऊन जा."

"राहू द्या की, उद्या नेईन."

"आज ने."

हात बाहेर आला. वाटी वेगळी होती, काकीसाहेबांच्या घरची, चांदीचा मुलामा उडालेली. आत आमटी. त्याच हंड्यातली, आताच दिलेली, निम्मी. वर कढीलिंबाची दोन ताजी पानं.

"ही तर माझीच आमटी..." अक्का म्हणाली.

"जरा मीठ बघून सांग," काकीसाहेब म्हणाल्या.

रघुजीचे पुकारे आणि त्यावरचं आपलं ओरडणं या भिंतीच्या आतपर्यंत रोज येत होतं, हे अक्काच्या आत्ता ध्यानात आलं. तिने दाराकडे बघितलं, वाटीकडे बघितलं. सगळ्यांना वाढून झाल्यावर हंडा विसळून तेच पाणी ती प्यायची, आणि तू जेवलीस का हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ती पायरीवर बसली आणि एक घोट घेतला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. वाटी परत द्यायला तिने हात पुढे केला.

"तळाचं मीठ वेगळं असतं म्हणे," आतून काकीसाहेब म्हणाल्या. "सगळं संपवून सांग."